उभ्या गाड्यांचा मिस्त्री

मिस्त्री गाडीच्या मागं उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा आणि चेंबलेल्या जागेवरून हाताची उलटी बाजू फिरवायचा. वासराला ताप आहे का हे बघताना आपण कानावरून हात फिरवतो, तसा. मग डोळे न उघडताच म्हणायचा, “हं. आता खरं सांगा.”

एवढ्यावर भले भले घसरायचे.

वडवणीहून बीडकडं निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला त्याचं पत्र्याचं शेड होतं. पाटी नव्हती. बाहेर लिंबाचं झाड, झाडाखाली दोन टायर एकावर एक ठेवून केलेली बैठक, आणि आत कायम कुणाची तरी गाडी तोंड फिरवून उभी. त्याचं नाव मला माहीत होतं, पण ते वापरायची वेळ कधी आली नाही. सगळा तालुका त्याला मिस्त्री म्हणायचा. गवंडी, सुतार, रंगारी हेही मिस्त्रीच; पण नुसतं ‘मिस्त्रीकडं गेलतो’ म्हटलं की ऐकणारा विचारायचा, “कुठं ठोकली?”

माणूस मूळचा मेंढरामागचा. बाप, चुलते, धाकटा भाऊ सगळे कळपाबरोबर हिंडणारे. हा एकटाच पत्र्याच्या नादी कसा लागला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “मेंढरू दुखलं तर वरडतं तरी. पत्रा बिचारा मुका. त्याचं कुनी बगायचं?”

आता हे ‘खरं सांगा’ प्रकरण. तुम्हाला वाटेल, माणूस चौकस असेल. तसं नव्हतं. त्याच्या कामाची रीतच तशी होती.

“पत्रा ज्या वाटंनं आत गेला, त्याच वाटंनं भायेर यायला पायजे,” तो समजावून सांगायचा. “वाट खोटी सांगितली आन् मी दुसरीकडून वढला, तर तडकतो. मंग माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई.”

म्हणून गाडी कशी ठोकली हे कळल्याशिवाय तो हातोडी उचलत नसे. आणि आपल्याकडं तर, तुम्ही पाहिलंच असेल, गाडी ठोकणारा माणूस जन्मालाच आलेला नाही. मिस्त्री म्हणायचा, “माझ्या शेडात आजवर चालती गाडी एक बी आली न्हाई बगा. सगळ्या उभ्या हुत्या. उभ्या गाडीला लोक यिऊन ठोकत्यात. लई वाईट तालुका.”

एकदा मी तिथं बसलेलो असताना एका गावपुढाऱ्याची भली मोठी गाडी आली. पुढारी खाली उतरला नाही, नुसती काच खाली केली.

“मिस्त्री, शेळी आडवी आली.”

मिस्त्रीनं समोरून हात फिरवला. “सायेब, शेळी लई उंच हुती की. आन् तिला चुना मारलेला हुता.”

पुढाऱ्याचा ड्रायव्हर खोकण्याच्या निमित्तानं तिकडं वळला. पुढारी थोडा वेळ आकाशाकडं बघत राहिला आणि म्हणाला, “बरं, भिंत होती.”

“कुनाची?”

“माझीच.”

“मंग ठीक हाय,” मिस्त्री म्हणाला आणि हातोडी घेतली.

त्या दिवशी मी पोट धरून हसलो होतो. माझी पाळी यायची होती.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. लोक डॉक्टर म्हणतात. सुरुवातीची दोन वर्षं ‘मी डॉक्टर नाही हो’ असं सांगायचो, नंतर दमलो, आणि त्यानंतर, खोटं कशाला बोलू, आवडायला लागलं.

माझी पांढरी गाडी मी घेतली तेव्हाच दोघांच्या हाताखालून गेलेली होती. ती पुढं मी उत्तम चालवतो. मागं घेणं माझ्या स्वभावात नाही असं मी म्हणतो. बायको म्हणते, डोळ्यांत नाही. पहिल्यांदा मी मागं घेताना हातपंपाला ठोकली. दुसऱ्यांदा सोयऱ्याच्या लग्नात मांडवाच्या खांबाला. मांडव पडला नाही, फक्त नवरदेवाच्या मामाच्या अंगावर कलला. घरी आल्यावर बायकोनं मुलीला साक्षीला बसवलं आणि म्हणाली, “आता तिसऱ्यांदा ठोकली तर गाडी विकायची. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. मांडव ताजा होता, दुसरं काय म्हणणार.

तिसऱ्यांदा मी खोड्याला ठोकली. सुई टोचायला किंवा गाभण तपासायला जनावर ज्या लोखंडी पाइपांच्या चौकटीत उभं करतात, तो खोडा. आमच्या दवाखान्याच्या आवारात तो मधोमध आहे. अठरा वर्षं मी त्याच्याशेजारी उभा राहून पगार घेतला आहे. झोपेत विचारलं तरी मी त्याची जागा सांगेन. गाडीत बसून मागं घेताना मात्र सांगता आली नाही. धाडकन आवाज झाला. खोड्यात एक म्हैस उभी होती, तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिचा मालक चहा प्यायला गेलेला. बंपरचा एक तुकडा तुटून पडला होता, तो मी पायानं कडब्याच्या पेंढीमागं सारला आणि घरी आलो.

बायकोनं मागं जाऊन बघितलं. “अहो, हे काय?”

“काय माहीत. उभी होती.”

मी एवढंच बोललो. पुढचं सगळं तिनं स्वतःच लावलं.

आमच्या समोर आबांचं घर. आबांचा दुधाचा टेम्पो, आणि तो चालवायचा त्यांचा धाकटा भाऊ बाळू. सकाळी आसपासच्या गावांतून दूध गोळा करून आणायचं हे त्याचं काम. वय अठ्ठावीस, स्वभाव चांगला, फक्त वळण जरा घाईनं घ्यायचा. आदल्या वर्षी त्यानं आमच्या भिंतीचा कोपरा उडवला होता. बायकोनं समोर नजर टाकली. टेम्पोच्या कोपऱ्याला ताजं खरचटलेलं. झालं. तशीच पदर खोचून ती आबांच्या दारात गेली.

मी घरात पेपर वाचत होतो. पेपर सुलटा होता, पण त्यातलं एक अक्षर आठवत नाही. बाहेरून सगळं ऐकू येत होतं.

“दादा, मी न्हाई ठोकली,” बाळू सांगत होता.

“मंग डॉक्टरची गाडी काय आपोआप चेंबली? डॉक्टर खोटं कशाला बोलतील रं?” आबा म्हणाले.

संध्याकाळी आबा स्वतः आले, हात जोडून उभे राहिले. टेम्पोची चावी त्यांनी बाळूकडून काढून घेतली होती आणि कमरेच्या करगोट्याला गाठ मारून बांधली होती. दूध आणायला आता ते स्वतः जाणार होते. बाळू ओट्यावर बसून होता.

मी तर बाळूचं नाव घेतलंच नव्हतं. हे मी स्वतःला दिवसातून तीन वेळा सांगत होतो, औषधासारखं. गुण येत नव्हता. कारण पुढच्या रविवारी बाळूला बघायला धारूरकडचे पाहुणे येणार होते. मुलगा काय करतो, या प्रश्नाला बाळूकडं एकच उत्तर होतं आणि ते आबांच्या कमरेला लटकत होतं. खरं सांगावं तर माझी गाडी जाते, गप्प बसावं तर त्याचं लग्न. मी गप्प बसलो. माणूस आधी स्वतःची वस्तू सांभाळतो, आणि माझी तर हप्ते फिटलेली होती.

बीडला एका मोठ्या वर्कशॉपात चौकशी केली. तिथल्या पोरसवद्या साहेबानं संगणकात बघून सांगितलं, ही गाडी निघायची बंद झाली, बंपर मागवावा लागेल, रंग वेगळा, बसवणी वेगळी. त्यानं जो आकडा सांगितला त्यात एक दुभती शेळी करडांसकट आली असती. हे घरी सांगितलं असतं तर बायको म्हणाली असती, मग शेळीच घ्या. म्हणून मी मिस्त्रीकडं गेलो.

मिस्त्री उकिडवा बसला. डोळे मिटले. हात फिरवला.

“हं. आता खरं सांगा.”

“उभी होती,” मी म्हणालो.

“बरं. मंग बसा,” तो म्हणाला. मला टायरवर बसवलं, चहा पाजला आणि दुसऱ्याच्या जीपला लागला. दुपारपर्यंत त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं बंपरच्या फटीत नख घातलं, काहीतरी वाळलेलं उकरलं, चुरगळलं आणि नाकाशी नेलं.

“म्हशीचं शेण हाय.”

“रस्त्यावर उडालं असेल.”

“रस्त्यावरचं खालून लागतं. हे मागून दाबलंय. आन् ह्यो गोल डाग बगा. पाइपाचं टोक. त्याला हिरवा रंग.” तो माझ्याकडं न बघता बोलत होता. “भावाची गाय घेऊन आलतो तवा तुमच्या खोड्याचा खालचा पाइप माझ्या गुडघ्याला लागलावता. वीतभर भायेर हाय त्यो. हिरवाच हाय.”

 लिंबाच्या झाडावर एक खार होती, ती मी बघितली.

“डॉक्टर, मी वळखलंय. पन माझं वळखणं कामाचं न्हाई. येग किती हुता? चाक कुनीकडं वळालंतं? ते तुमालाच ठावं.”

मग मी सांगितलं. सगळं. किती वेगात होतो, मान कुणीकडं होती, आणि ब्रेकच्या जागी काय दाबलं, हेसुद्धा. तोवर ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मिस्त्री मान हलवत ऐकत राहिला. दूध कमी झालं म्हणून आलेल्या बाईचं मी ऐकतो, अगदी तसा.

मग त्यानं फुटका बंपर उतरवला, आतला वाकलेला पत्रा साखळीनं लिंबाला बांधला आणि मला गाडीत बसवलं. “आता त्याच वाटंनं पुढं घ्या. चाक तवा जसं हुतं तसंच धरा. मुंगीच्या पायानं.”

मी पुढं घेतली. साखळी ताणली, आणि मागं ‘टक्’ असा आवाज झाला. पत्रा सरळ. गाडी मी आयुष्यात एवढी हळू आणि एवढी नीट कधी चालवली नव्हती.

“बंपरला टाके घालता येतील का?” मी आमच्या धंद्याच्या भाषेत विचारलं.

“टाके घालाया कातडं तरी ऱ्हायला पायजे. ह्याचा अर्धा भाग तुमच्या कडब्यात पडला आसंल.”

हे त्याला कसं कळलं, मी विचारलं नाही.

त्यानं दोन-तीन फोन केले. घाटनांदूरच्या एका भंगारवाल्याकडं माझ्याच जातीची गाडी मोडायला आली होती. तिला पुढून मार बसला होता, मागचा बंपर शाबूत. फक्त रंग मरून. “जनावर त्याच जातीचं पायजे. रंग कसला का आसंना,” मिस्त्री म्हणाला. माझी गाडी शेडात उघडी पडलेली, म्हणून आम्ही दोघं एसटीनं गेलो.

घाटनांदूरला बंपर बाभळीला टांगलेला होता. मिस्त्रीनं त्याला बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. मग जिथं तो गाडीला अडकतो ते प्लॅस्टिकचे कान एकेक दाबून बघितले. “कान शाबूत हायेत,” मला म्हणाला. भंगारवाल्यानं आकडा सांगायला तोंड उघडलं, तर मिस्त्रीनं त्याला थांबवलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याच्या हातावर टाकला. बैलबाजारात करतात तसा टॉवेलाखाली बोटांचा सौदा सुरू झाला. भंगारवालाही बैलबाजार बघितलेला, त्यालाही चेव चढला. दोघांचे चेहरे मख्ख, टॉवेल तेवढा उंदीर शिरल्यासारखा हलत होता. मध्येच भंगारवाला ओरडला, “आरं, बोट मोडशील माझं!” आणि सौदा तुटला. आम्ही रस्त्यापर्यंत आलो. मागून हाक आली. परत टॉवेल. किती ठरलं ते मिस्त्रीनं शेवटी माझ्या कानात सांगितलं. शेळीचा विषय संपला होता. तीन गावरान कोंबड्यांत काम झालं होतं.

आता हा पाच फुटी बंपर घेऊन आम्ही अंबाजोगाईला वडवणीच्या गाडीत चढलो.

“हे काय?” कंडक्टर म्हणाला.

“बंपर,” मिस्त्री म्हणाला.

“कुणाचा?”

“डॉक्टरांचा.”

अख्खी गाडी हसली. कंडक्टरनं माझ्या मागं वाकून बघितलं. “ह्याचं तिकीट कसं धरायचं? बसून का उभ्यानं?”

“आडवा पडून,” मागून कुणीतरी म्हणालं.

बंपर मधल्या वाटेत आमच्या पायाशी पडला. शेजारच्या बाकावर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. मूल अंबाजोगाईपासून रडत होतं. केजच्या पुढं तिनं बंपरकडं बघितलं, मिस्त्रीकडं बघितलं आणि विचारलं, “भाऊ, ह्याच्यात निजवू का?”

बंपर आतून खोलगट, दोन्ही कडा वर आलेल्या. मिस्त्रीनं आपला टॉवेल चौघडी करून आत अंथरला. बाईनं मूल ठेवलं. गाडीचे हादरे, बंपरचे झोके. मूल दोन मिनिटांत झोपलं. धारूरचा अख्खा घाट मिस्त्री वाकून बंपर दोन्ही हातांनी धरून बसला होता. वळणावर त्याची पाठ अशी कलायची की मला वाटायचं हा खाली पडणार, पण बंपर जागचा हलला नाही.

त्या घाटातच, मूल उठू नये अशा आवाजात, तो म्हणाला, “आबा टेम्पो घेऊन आलता माझ्याकडं.”

मी मुलाखालच्या टॉवेलाचं टोक नीट केलं.

“तुमी यायच्या आदल्या दिवशी. मी म्हणलं, ह्या टेम्पोनं कुनाला ठोकलं न्हाई. हे खरचटलंय ते दुधाच्या क्यानचं. तर म्हणला, मंग डॉक्टर खोटं बोलले काय?”

“मग?”

“मंग काय. मी म्हणलं, मी पत्र्याचं सांगतो. माणसाचं माणूस सांगंल.”

मी विचारलं, “आता तर तुम्हाला खोड्याचं कळलंय. आबांना सांगितलं का?”

त्याला राग आला. त्याला राग आलेला मी त्या एकदाच बघितला. “तुमी मला काम व्हावं म्हणून सांगितलं. ते शेडातलं शेडात. तुमी काय रोग्याचं गावभर सांगत फिरता?”

“माझे रोगी म्हशी आहेत, मिस्त्री.”

“तरी बी,” तो म्हणाला, आणि मुलाच्या तोंडावरची माशी फुंकरीनं उडवली.

शुक्रवारी बंपर बसला. पांढऱ्या गाडीला मरून बंपर. मी रंगाचं काढलं, तर म्हणाला, “कशाला पैसा घालवता? जुना पांढरा आन् नवा पांढरा सवती असत्यात, एका घरात नांदत न्हाईत. आमी मेंढराच्या पाठीला रंग लावतोच की. दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी आपलं वळखू येतं.” चाव्या देताना त्यानं फडक्याला हात पुसले. “बाळूची पावणी कवा येनार?”

“परवा.”

“हं,” तो म्हणाला. खरं सांगा वगैरे काही नाही. वळून जीपच्या कामाला लागला.

तो दिवस मी तसाच काढला. शनिवारी सकाळी बायको अंगणात आली आणि तिनं पहिल्यांदा गाडी मागून बघितली. आठ दिवसांत हसली नव्हती, ती हसायला लागली. “अहो, ही माकडीण झाली की!” हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. चिडलेल्या बायकोला खरं सांगणं एक वेळ सोपं. हसणाऱ्या बायकोपुढं माझी जीभ उचलेना. समोर बाळू ओट्यावर बसून दुधाच्या क्यान घासत होता. चकचकीत झालेलीच क्यान परत घासत होता.

“ती मी ठोकली,” मी म्हणालो. “खोड्याला.”

“कुठल्या खोड्याला?”

“आपल्याकडं खोडा एकच आहे.”

मला वाटलं, आता गाडीचं निघणार. गाडीचं तिनं नावच काढलं नाही. पायरीवर बसली. “म्हणजे मी त्यांच्या दारात उभी राहून... अहो, मी त्या पोराला आंधळा म्हणाले हो. त्याच्या वहिनीसमोर.”  मग पदर सारखा केला. “उठा.”

ती पुढं, मी मागं. वीस पावलांचा रस्ता, पण वडवणीचा आठवडी बाजार पार केल्यासारखा वाटला.

आबा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. मी अंगणात उभा राहून सगळं सांगितलं. मध्ये एकदा बायको म्हणाली, “मोठ्यानं सांगा.” वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बाळूचा हात क्यानवर थांबला.

आबांनी आरसा खाली ठेवला आणि कमरेची चावी सोडायला लागले. गाठ सुटेना. आठ दिवस चावीसकट अंघोळी केलेल्या, दोरा पाण्यानं आवळलेला. साबणाच्या बोटांनी तर ती जास्तच निसटायची.  शेवटी बाळू उठला. मोठ्या भावापुढं गुडघ्यावर बसला, मान वाकडी केली आणि दातांनी गाठ सोडवू लागला. गाठ सुटेपर्यंत आबांनी हात कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मग तो त्यांनी बाळूच्या डोक्यावर ठेवला. साबणासकट.

चावी हातात घेऊन बाळू उभा राहिला. एरवी मला काका म्हणणारा पोरगा, तो म्हणाला, “डॉक्टर, खोड्याला काय झालं न्हाई ना? का त्येला बी मिस्त्रीकडं न्यायचा?”

सगळे हसले. मीही हसलो. त्याचे डोळे तेवढे हसत नव्हते. पुढचे दोन महिने मी त्याच्या तोंडी डॉक्टरच होतो. ज्या पदवीसाठी मी मनातून एवढा हपापलेलो, ती अशी बोचेल असं वाटलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. त्यांना आणायला फाट्यावर टेम्पो घेऊन बाळूच गेला. त्या घरी जमलं नाही, पत्रिकेत काहीतरी निघालं. पण पुढच्या महिन्यात दुसरीकडं जमलं. लग्नात मला आग्रहानं बोलावलं आणि गाडी मांडवापासून लांब लावायला सांगितली.

गाडी त्या दिवशी मी चालवत नव्हतोच म्हणा. आबांकडून घरी आल्याबरोबर बायकोनं हात पुढं केला होता. मी चावी ठेवली.

“विकायची?” मी विचारलं.

“विकून काय येणार आहे? राहू दे माझ्याकडं.”

ती बाळूकडून गाडी शिकली. बाजार नसेल त्या दिवशी बाजारतळावर, तीन आठवड्यांत. मागं घेताना ती एकदाच मान वळवते आणि गाडी भिंतीपासून वीतभरावर थांबवते. मला ते बघवत नाही. मी घरात जातो.

रस्ता रुंद झाला त्यात मिस्त्रीचं शेड गेलं. लिंबही गेला. दुसरीकडं जागा बघू म्हणून आम्ही चार माणसं त्याच्या मागं लागलो, तर म्हणाला, “आता नवीन गाड्यांचं सगळं मोडलं की फेकून नवीन बसवत्यात. सांगायला कोन येतंय?” रंगाच्या धुरानं खोकलाही जडला होता. धाकट्या भावाचा कळप तेव्हा कपिलधारच्या पलीकडं उतरला होता. तो तिकडं जायचं म्हणाला. या गोष्टीला दोन वर्षं झाली.

त्याला सोडायला आम्ही नवराबायको गेलो. बायको चालवत होती. मिस्त्रीला तिनं पुढं बसवलं, मी मागं, मांडीवर त्याच्या अवजारांची पेटी घेऊन. वाटेत तो तिच्या हातांकडं बघत होता.

“वैनी, तुमच्या गाडीला माझी गरज पडायची न्हाई.”

“म्हणून चाललात काय सोडून?” ती म्हणाली.

त्यानं खिडकीबाहेर बघितलं आणि नुसतं हसला.

माळावर मेंढरं पसरली होती. गाडी जाईल तिथवर बायकोनं नेली. मिस्त्री उतरला, पेटी माझ्याकडून घेऊन खांद्यावर टाकली आणि चालायला लागला. मेंढरांनी त्याच्यापुरती वाट दिली आणि तो पुढं गेल्यावर परत मिळून गेली. थोडा वेळ पेटीची पत्र्याची कड उन्हात चमकत होती, मग तीही दिसेना.

बायकोनं गाडी वळवली. “या की पुढं,” म्हणाली.

“असू दे,” मी म्हणालो.

तिनं परत आग्रह केला नाही. पुढची जागा तशीच रिकामी ठेवून आम्ही घरापर्यंत आलो.